अंगठाभर ढील

प्रभाकरच्या मुलीचं, मेघनाचं लग्न झालं त्या साली विरूपाक्षची आई कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये राहत होती, आणि ते कॅबिनेट तिला मोठं पडू लागलं होतं.

प्रभाकर हा विरूपाक्षचा थोरला भाऊ. बुगडांचे हे दोघेच. वडील गेल्यावर आईची पाळी लागली. महिना थोरल्याकडे, महिना धाकट्याकडे, पौर्णिमेला बदल. पाळी लागली की माणूस लहान होत जातं. आधी तिला एक खोली लागायची, मग एक कॉट, मग कॉटचा पायथा. एके दिवशी ती टेबलाखालच्या जुन्या कॅबिनेटमध्ये शिरली आणि आतून म्हणाली, "हितं बरं हाय. वारं लागतंय." शैलजाने, म्हणजे विरूपाक्षच्या बायकोने, त्याच दुपारी कॉटवर गाद्या रचून ठेवल्या.

ते कॅबिनेट उंच होतं, एका बाजूला काच होती. दर पौर्णिमेला ते न्यायला रिक्षा करावी लागे. खड्ड्यात रिक्षा आदळली की आई आतल्या आत या टोकाची त्या टोकाला जाई. "लागलं का गं?" असं विचारलं तर म्हणे, "न्हाई रं. वाटेत मी कुणाचीच नसते. तेवढंच बरं वाटतं."

मेघनाच्या लग्नात तिला मांडवात आणून ठेवली, तेव्हा तर ती पार घरंगळायलाच लागली होती. अक्षता टाकता टाकता व्याही म्हणाले, "आतला स्क्रू सुटलाय वाटतं." प्रभाकरला ते लागलं.

"हे बघ विरू," तो लग्नानंतर म्हणाला, "तुझ्या घरात जागा न्हाई, माझ्या स्कूटरवर जागा न्हाई. आईनंच बारीक व्हायचं मनावर घेतलंय म्हटल्यावर आपण कशाला हे डबडं घेऊन हिंडायचं? लहानसं बघ. पायापाशी बसंल असं. वर धरायला मूठ असली तर लई बरं."

"मीच बघू?"

"पाळी तुझी हाय. का शेजाऱ्याला सांगू?"

विरूपाक्षने मान हलवली. स्कूटरचं कारण खरंच होतं. पण त्याच्या मनात आणखी एक कारण होतं आणि ते त्याने कुणाला सांगितलं नाही. ते काचेचं होतं. तो जेवायला बसला की आई काचेतून बघायची. काही मागायची नाही, बोलायची नाही. न मागणाऱ्या माणसासमोर जेवणं फार अवघड असतं. आधी तो पाठ करून बसू लागला. मग काचेवर वाळत घातल्यासारखा टॉवेल टाकू लागला. टॉवेल वाळलेला असायचा. शैलजा तो जेवणानंतर काढून घडी करून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी तिथेच सापडेल असा ठेवायची.

इरफान मोमीनचं दुकान एका इमारतीच्या तळघरात होतं. भिंतीला रिकामी कॅबिनेटं छतापर्यंत रचलेली होती. काहींच्या आत दिवे होते, काहींच्या आत कुणीतरी खोकत होतं, ती दुरुस्तीला आलेली होती.

"या दिवाणजी," इरफान म्हणाला. विरूपाक्ष एका मागाच्या कारखान्यात दिवाणजी होता आणि गावात त्याचं नाव तेच पडलं होतं. "आत काय बसवायचंय?"

"आई."

"केवढ्या आहेत?"

विरूपाक्षने दोन्ही हातांनी दाखवलं. मग थोडा विचार करून हात आणखी जवळ आणले.

"हे माप लग्नाच्या आधीचं की नंतरचं?"

"नंतरचं. लग्नात दमली."

"दमतातच." इरफानने स्टुलावर चढून एक काळं कॅबिनेट खाली काढलं. तेलाच्या डब्याएवढं असेल. वर मूठ होती. "यापेक्षा लहान येत नाही. पण आधीच सांगतो, यात पंखा एकच बसतो. आई तापतात का?"

"रागावली तर तापेल."

"रागावतात?"

"नाही," विरूपाक्ष म्हणाला. "तेच तर."

इरफानने आतली प्लेट बोटाने वाजवून दाखवली. "सामान बसेल. अडचण वायरींची. लोक सामानाचं माप घेऊन येतात, वायरींचं घेत नाहीत. मोठ्या कॅबिनेटमध्ये त्या तळाशी पडून राहतात, कुणाला दिसत नाहीत. लहानात घातल्या की सगळ्या एकदम वर येतात. पंख्यासमोर एक जरी आली तरी वारा अडतो. सगळ्या या प्लेटच्या मागून घ्या आणि बांधून टाका. मागे बोटभर जागा आहे."

"बोटभरच?"

"लहान पाहिजे म्हणालात." त्याने फडक्याने कॅबिनेट पुसलं. "बाजूला काच देऊ की पत्रा? दोन्ही आहेत. आईला लोक काच घेतात. वडिलांना पत्रा."

"पत्रा दे."

इरफानने पत्रा काढून पुसला. पुसून झालेला पत्रा त्याने पुन्हा एकदा पुसला. "परत घेत नाही हां दिवाणजी. एकदा आत कुणी बसलं की परत घेत नाही."

घरी शैलजाने दार उघडलं आणि आधी बाजूलाच बघितलं. "पत्र्याचं आणलंत?"

"काच फुटते. स्कूटरवर."

"हो का," शैलजा म्हणाली. टॉवेल घडी करून तिने कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला. आता तो लागणार नव्हता.

नागपंचमीला कारखान्याला सुट्टी होती, म्हणून तो दिवस धरला. त्या दिवशी घरात काही कापायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. शैलजाने विळी, सुरी, कात्री सगळं आदल्या दिवशीच फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं आणि आता पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती. विरूपाक्षने दोन्ही कॅबिनेटं जमिनीवर शेजारी शेजारी ठेवली, स्क्रू काढून वाटीत टाकले आणि आत हात घातला.

"गार हात हाय तुझा," आई म्हणाली. "हळू रं. ती पिवळी वढू नकोस, गुडघ्याची हाय."

"आणि ही काळी?"

"मिठाची. तिच्याबिगर आळणी लागतंय."

"ही निळी गं?"

"तुझ्या बापाची. आता नुसतीच हाय. पण कधीमधी करंट येतो."

चार वायरी केसासारख्या बारीक होत्या. एक उठायची, एक बसायची, एक झोपायची आणि एक नुसती दिवा लागण्याची. त्या लावताना त्याला चष्मा कपाळावरून खाली घ्यावा लागला. आईच सांगत होती, ही डावीकडं, ही तिच्याखाली. तिने सगळा जन्म रहाटावर कांड्या भरण्यात घालवला होता. मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसते, त्या कांड्या. सुताचं तिला अंधारातही कळायचं.

सामान आत गेलं. आईही गेली, नीट गेली, जसं पायलीभर धान्य मापात बसतं तशी. मग वायरी राहिल्या. त्याने एकेक करून प्लेटच्या मागे ओढली.

"लई ताणतोयस," आई म्हणाली. "सूत ताणून भरलं की कांडी दिसाया देखणी हुती, आणि मागावर चढली की तुटती. अंगठाभर ढील ठेवावी. तेवढी लबाडी सुताला चालती."

"मागं बोटभरच जागा आहे आई."

"मग ताण."

त्याने ताणल्या. बांधायला घरात सुताचा एक गुंडा होता. प्रत्येक जुडग्याला वेगळा तुकडा कापायला हवा होता, पण कात्री माळ्यावर आणि सण समोर. म्हणून त्याने कापलंच नाही. एकाच अखंड सुताने त्याने गुडघा मिठाला बांधला, मीठ वडिलांना, वडील झोपेला. जागोजागी विणकराची गाठ मारली. ती गाठ लहानपणी आईनेच त्याला शिकवली होती. ती सुटत नाही. सुटावी म्हणून ती कुणी मारतच नाही.

सगळं झाल्यावर एक पांढरी वायर उरली. जुन्या कॅबिनेटच्या तळाशी ती वेटोळं करून पडलेली होती. सगळ्यांत लांब तीच होती. तिच्या टोकाला जो खटका होता तो कशातच बसत नव्हता.

"ही कुठं लावायची?"

"कुठंच न्हाई."

"मग कशाला आहे?"

"कशालाच लागत न्हाई. तुझी हाय. तू झालास तवापासनं पडून हाय. असू दे की आत."

त्याने ती घडी करून घातली. पत्रा वर उचलला गेला. उलटी घडी केली, तरी तेच. पंख्यासमोर ठेवली तर पंखा तिला लागून टकटक वाजू लागला. दिंडं झाल्याचा वास येत होता, त्याची कंबर दुखत होती. कापता येत नव्हती. तेव्हा त्याने ती खटक्याकडून धरून बाहेर ओढली.

ती अगदी अलगद आली. येतच राहिली. आईच्या जुन्या सामानातली एक लाकडी कांडी खिडकीत पडलेली होती. त्याने वायरीचं टोक तिला गाठ मारून बांधलं आणि वायर गुंडाळू लागला. कांडी भरली तेव्हा वायर यायची थांबली. ती संपली, असं त्याने धरलं. दुसरं टोक त्याने पाहिलं नाही. त्याने कांडी पँटच्या खिशात टाकली आणि पत्रा लावायला घेतला.

तरी तो बसेना. मागच्या बाजूने वायरींचा फुगवटा येत होता. विरूपाक्षने कॅबिनेट आडवं केलं आणि त्यावर गुडघा ठेवला.

"आई?"

"दाब रं," आई आतून म्हणाली. "बसंल. दाब."

त्याने सगळं वजन टाकलं. पत्रा खटकन बसला. त्याने स्क्रू पिळले, कॅबिनेट उभं केलं, टेबलावर ठेवलं. पंख्याचा आवाज एकसारखा येत होता. काळं, गुळगुळीत, चारी बाजूंनी बंद, आणि मागे एकही वायर लोंबत नव्हती. फार देखणं दिसत होतं. विरूपाक्ष जेवायला बसला आणि कित्येक महिन्यांनी समोर तोंड करून जेवला.

शैलजाने वाटीत दिंड कुस्करून पंख्याच्या जाळीपाशी धरलं. "गूळ जरा कमी पडलाय गं शैला," आई म्हणाली.

"आणि काय आई, जमलं का आत?" विरूपाक्षने घास घेत विचारलं.

पंखा जरासा थांबल्यासारखा झाला.

"जमलं की," आई त्याला म्हणाली. "तुम्ही जेवा सावकाश. माझं काय न्हाई. तुम्हाला उगीच तरास झाला."

शैलजाने त्याच्याकडे बघितलं. विरूपाक्षच्या हातातला घास तसाच राहिला. आईने त्याला जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून घर आवळायला लागलं. सकाळी गॅलरीतली कपड्यांची दोरी भिंतीच्या मागे गेलेली होती आणि कपडे भिंतीला चिकटून वाळत होते. मग मोरीचा नळ मागे गेला, नुसतं पाणी पुढे येत होतं. शैलजाच्या साड्या, चहाच्या गाळण्या, त्याचे पट्टे, सगळं कुणीतरी सुताने जुडगे करून कोपऱ्यात बांधत होतं. गाठी विणकराच्या होत्या. शैलजाने एकदा मधल्या खोलीत दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना हात लागले.

"झाडायला बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पायात सारखं काय येतंय हो? उंबऱ्यापाशी. दिसत तर काही नाही."

"काही नसेल," विरूपाक्ष म्हणाला.

कारखान्यात मात्र सगळं जसंच्या तसं होतं. फक्त तो घरापासून लांब लांब जाऊ लागला की खिशातली कांडी हळूहळू फिरायची. त्याला वाटायचं, मोबाईल थरथरतोय. मोबाईल वरच्या खिशात असायचा.

दर संध्याकाळी तो टेबलापाशी बसून सांगू लागला.

"आई, मी विरू."

"विरू व्हय? छान नाव हाय. माझ्या धाकट्याचं पण तेच."

"मीच तुझा धाकटा."

"असंल," आई समजुतीने म्हणायची. "नावं सारखी असत्यात. तो येतोय आता पुनवेला, मला न्यायला. लहान असताना लई चिकटायचा. मी रहाटावर बसले की पदराचं टोक धरून झोपायचा. टोक सुटलं की जागा. म्हणून मी पदर लांब सोडून बसायची. तुम्हाला हाय का आई?"

"आहे."

"सांभाळा हां."

त्याने शैलजाला सांगितलं की पौर्णिमेच्या आत ती वायर परत घालायची आहे. प्रभाकरच्या हाती आई अशी जाता कामा नये. प्रभाकरला कळलं तर कळू दे, पण आई वाटेत विचारील, धाकटा का नाही आला, आणि प्रभाकर सांगील की तो तर घरातच होता.

"मग घाला की," शैलजा म्हणाली. "मी कुठे अडवलंय. काढताना विचारलंत का मला?"

त्याने स्क्रू काढले. पत्रा मागे सरकवायला जेवढी जागा लागते तेवढीच भिंत पुढे आलेली होती. कॅबिनेट पुढे घेतलं, भिंतही पुढे आली. तिरकं केलं, भिंत तिरकी झाली. फटीतून त्याने कात्रीचं टोक घालून बघितलं. आत सूत दिसत होतं, ताठ, तारेसारखं, कुठेही अंगठाभर सोडा, नखभर ढील नव्हती. एक धागा कापला तर सगळेच सुटणार होते. गुडघा, मीठ, झोप, उठणं. त्याने कात्री बाहेर घेतली आणि स्क्रू पुन्हा पिळले.

"काय शोधताय?" आईने विचारलं.

"काही नाही. झाकण बघत होतो."

"झाकण चांगलं हाय. कुणीतरी लई मन लावून बसवलंय."

नारळी पौर्णिमेला सकाळी शैलजा राखी बांधायला तिच्या भावाकडे गेली. जाताना तिला दारातून आडवं व्हावं लागलं. दुपारी प्रभाकर आला. तोही आडवा होऊन, पोट आत घेऊन आत आला आणि इकडेतिकडे बघू लागला.

"काय रं हे? घर का पेटी?"

"जरा आवरलंय," विरूपाक्ष म्हणाला.

"आवरलंय का आवळलंय?" प्रभाकर हसला. मग टेबलाकडे वळला आणि खूश झाला. "आता कसं! हे असं पाहिजे हुतं. मूठ पण हाय. काय आई, बंगला मिळाला की तुला."

"प्रभा, आलास?" आई म्हणाली. आवाज आनंदाचा होता. "आणि विरू रं? विरू न्हाई आला?"

प्रभाकरने भावाकडे बघितलं. "हा काय, हितं उभा हाय."

"हे व्हय? हे न्हाईत रं. हे लई चांगले हायेत. कोण कुठली मी, पण ठेवून घेतलं मला. कधी जोरात बोलले न्हाईत. ह्यांना काहीतरी देऊन जा, नारळ तरी."

प्रभाकरने पत्र्यावर हात ठेवला, चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"काय केलंस तू?"

"वायरी नीट बांधल्या."

"मी लहान बघ म्हणालो हुतो," प्रभाकर म्हणाला. "मी एवढं म्हणालो न्हवतो."

त्याने पिशवीतला नारळ टेबलावर ठेवला, मूठ धरून कॅबिनेट उचललं आणि दाराकडे गेला. कॅबिनेट आधी बाहेर गेलं, त्याच्यामागे प्रभाकर. विरूपाक्ष त्यांच्यामागे निघाला तर दार कॅबिनेटएवढंच उरलं होतं. त्याने खांदा घातला, गेला नाही. डोकं घातलं, कानापाशी अडकलं. शेवटी उजवा हात तेवढा खांद्यापर्यंत बाहेर गेला. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

तेव्हा खिशातली कांडी फिरू लागली.

त्याने डाव्या हाताने ती बाहेर काढली. पांढरी वायर तिच्यावरून उलगडत होती. ती खिशातून उंबऱ्यावर, उंबऱ्यावरून जिन्यात आणि जिन्यातून खाली रस्त्यावर, स्कूटरच्या मागे चालली होती. ती आईपासून कधी तुटलीच नव्हती. त्या दिवशी त्याने बाहेर ओढली होती ती नुसती ढील होती.

"प्रभाकर!" त्याने हाक मारली. हाक भिंतीला लागून परत आली.

त्याने उजवा हात आत घेतला, कांडी त्यात धरली आणि हात पुन्हा दाराबाहेर काढला. हाताशेजारच्या फटीतून, जिन्यातल्या खिडकीपलीकडचा रस्ता दिसत होता. राख्यांच्या गाड्यावरून, नारळाच्या ढिगावरून, शाळेच्या भिंतीवरून वायर सरसरत गेली. चौकात प्रभाकरची पाठ दिसत होती आणि त्याच्या पायांपाशी काळं कॅबिनेट. कांडी गरगर फिरत होती, हलकी होत होती. मग लाकूड दिसू लागलं. शेवटचा फेरा सुटला आणि गाठ तेवढी राहिली. त्याने स्वतः मारलेली, विणकराची.

वायर रस्त्यावरून उचलली गेली. हळूहळू सरळ झाली. लोक तिच्याखालून वाकून जाऊ लागले. स्कूटर थांबली नाही. सोडावी तर आता ती कधीच हाती लागणार नव्हती. धरावी तर तिला ढील नव्हती. विरूपाक्षने मूठ आवळली. फार दुरून, वायरीतून, रहाट फिरल्यासारखा आवाज त्याच्या तळहाताला लागला आणि कुणीतरी म्हणालं, "कोण रं? विरू?"

त्याची आई कलावती बुगड, मेघनाचं लग्न झालं त्या साली, नारळी पौर्णिमेला दुपारी वारली. तेव्हा ती वाटेत होती, आणि पाळी कुणाचीच नव्हती.